जेवणावरचा संशय

मालकांनी पहिल्यांदा ताट सरकवलं तेव्हा मला काही वाटलं नाही. दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते, डोक्याला मार लागलेला, भूक मेली असणार असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरणाची वाटी उचलली, दाराकडं उजेडात धरली, बोट बुडवून जिभेला लावलं आणि विचारलं, "ह्यात काय घातलंय?"

"वरणात काय घालतात? डाळ, हळद, मीठ."

"आन आजून?"

"आजून काय?"

त्यांनी वाटी जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. बाजारात तोंडओळख नसलेला माणूस नोट पुढं करतो तेव्हा दुकानदार जसा बघतो, तसं.

आमचे मालक आचारी. बीडजवळच्या पालीपासून गेवराईच्या पलीकडं चकलांब्यापर्यंत कुठंही मोठं लग्न असलं की कढया ह्यांच्याच उतरायच्या. बुंदी, वांग्याची भाजी, भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची येसर आमटी. त्यांची आमटी खायला लोक दुसऱ्यांदा पंगतीत बसायचे. नारायणगडावर भंडारा असला की बोलावणं ठरलेलं. तिथं देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घ्यायची नसते, म्हणून ते कढईवर वाकून नुसता वास घ्यायचे आणि सांगायचे, कधी धने कच्चे राहिले, तर कधी उतरवा आता. घरीसुद्धा मी चहा टाकला की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "आलं जास्त झालं."

अशाच एका कामावरून परत येताना पिकअपमध्ये भांड्यांसोबत मागं उभे होते. रस्त्यात म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, आणि हे हौद्यातून फेकले जाऊन कपाळावर आपटले. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूच्या पुढच्या भागात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन लागलं नाही, पण बरेच दिवस ते कुणाला ओळखत नव्हते. मग ओळखायला लागले, बोलायला लागले, चालायला लागले. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. आम्ही पेढे वाटले.

घरी येताना तिथल्या सिस्टरनं मला बजावलं होतं, तिखट नको, तेलकट नको, हलकं जेवण द्या. मी तिचा शब्द पाळला. मुगाचं वरण, मऊ भात, दुधीची भाजी. आणि मालक एकेक ताट सरकवत गेले.

आधी ते म्हणायचे, चव नाही. मग म्हणायला लागले, चव मारलीय. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा कळलं. चव नाही म्हणजे स्वयंपाक बिघडला. चव मारलीय म्हणजे कुणीतरी मुद्दाम मारली. मी शेगडीपाशी बसले की ते दारात येऊन उभे राहायचे. मी मिठाचा डबा उघडला की विचारायचे, "ते काय हाय?" एकदा त्यांनी माझ्या उशाची पिशवी उलटी केली. त्यात माझ्या अंगदुखीच्या गोळ्या होत्या. त्या हातात घेऊन ते अंगणात गेले आणि शेजारच्या म्हातारीला म्हणाले, "बघा, घरात काय काय सापडतंय."

म्हातारीनं बघितलं. तिनं बघितलं की गाव बघतं.

माझे दीर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहतात. भाऊ पडल्यापासून भावानं घेतलेली लग्नाची कामं तेच उरकत होते. ते आले, भावाची हाडं निघालेली बघितली आणि त्यांना घरी जेवायला घेऊन गेले. जाऊबाईंच्या घरी ठेचा, तर्रीची मटकी, कांद्याची पात असलं जहाल जेवण. मालक तिथं दोन भाकरी खाऊन आले. परत येताना कपाळाला घाम आणि तोंडावर समाधान होतं. ओसरीवर बसून मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "आज जेवलो बाबा. जेवनासारखं जेवन."

मग पुरावाच झाला. भावाच्या घरी जेवतो, बायकोच्या हातचं खात नाही. कावून खात नाही? दीर तोंडावर काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "वैनी, दादाला काई दिवस माझ्याकडंच जेवू द्या." पण ते सांगताना त्यांची नजर माझ्या मागं, मसाल्याच्या फळीकडं होती.

माझ्याही मनात मग विष भिनायला लागलं, ते नाकारत नाही. मला वाटायला लागलं, दीरच भावाचे कान भरत असतील. कढया त्यांच्याकडं, कामं त्यांच्याकडं, आता भाऊही त्यांच्याकडं. मी जाऊबाईंचं बोलणं तोलायला लागले. ती हसली तरी वाटायचं, कशाला हसली. एका घरात दोन माणसं एकमेकांच्या हालचालींवर नजर ठेवून राहायला लागली की भिंतींनाही कान फुटतात.

मी अंगणवाडीत सेविका आहे. आमची मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर होती, म्हणून पोरांची खिचडी मीच शिजवत होते. एके सकाळी एक आई पोराच्या हातात डबा देऊन गेली. "त्याला खिचडी नगं, पोट दुखतंय," म्हणाली. पुढच्या आठवड्यात डबे वाढले. इतक्या पोरांचं पोट एकदम कसं दुखेल? मी खिचडी ताटलीत घेतली, सगळ्या पोरांसमोर बसून खाल्ली. एका पोरीनं विचारलं, "बाई, तुमाला काई झालं न्हाई ना?" पाच वर्षांच्या पोरीला असा प्रश्न आपोआप सुचत नाही. घरी कुणीतरी बोललेलं असतं.

संभाजीनगरला पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा मी तिथल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमचं काम झालंय. आता तुम्हाला पुनर्वसनाचे डॉक्टर लागतील. त्या मॅडम बीडलाच येतात, ठरलेल्या शनिवारी."

परतीच्या गाडीत सोबत आलेले दीर म्हणाले, "पुनर्वसन? ते तर धरनात जमिनी गेलेल्यांचं असतंय. आपलं काय गेलंय?"

मी म्हणाले, "बघू तरी."

"हाडाच्या डॉक्टर का मेंदूच्या?"

ते मलाही माहीत नव्हतं. बीडमध्ये ज्याला त्याला विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. ओळखीचा एक मेडिकलवाला म्हणाला, व्यायाम शिकवणाऱ्या असतील. दुसरा म्हणाला, आजकाल कुणीही पाटी लावतंय, जपून.

तर आम्ही गेलो ते जपूनच. दवाखाना एका कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर होता. तिथं एक जण आधाराच्या दोन दांड्यांमध्ये उभा राहायला शिकत होता. दुसरा एक वयस्कर माणूस शर्टाची गुंडी लावत होता, निसटली की परत लावत होता, आणि कुणी त्याला मदत करत नव्हतं. दीर माझ्या कानाशी म्हणाले, "हितं इलाज कुठंय? पेशंटच राबायलेत."

मॅडम चाळिशीच्या. गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता. त्यांनी मालकांना नमस्कार केला, समोर बसवलं आणि आजाराचं काहीच न विचारता म्हणाल्या, "तुमची आमटी प्रसिद्ध आहे असं ऐकलं. कशी करता ते सांगा मला, सावकाश."

मालक खुलले. सांगायला लागले. येसर कसा भाजायचा, कांदा कसा परतायचा. मी ऐकत होते आणि माझ्या लक्षात आलं, त्यांनी फोडणी सांगितलीच नाही. आणि पाणी दोनदा घातलं. ही आमटी त्यांनी झोपेतही चुकवली नसती. मॅडमनी तोंडावर काही दाखवलं नाही. मला राग आला. माणसाला गोड बोलून उघडं पाडायची ही कुठली पद्धत?

मग त्या माझ्याकडं वळल्या. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"ह्यांच्या जेवणात वेगळं काही घालता? एखादी पूड, काढा, कुणी दिलेलं औषध?"

 मी म्हणाले, "तुमी पण तेच विचारताय?"

"सगळ्यांना विचारते," त्या म्हणाल्या. "आता जरा बाहेर बसाल का? मला ह्यांच्याशी एकट्याशी बोलायचंय."

मी बाहेर बसले. दार बंद होतं. आतून मालकांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच तो चढायचा आणि मला वाटायचं, आता माझं नाव घेतलं. नवरा एका परक्या बाईला सांगतोय की बायको मला मारायला निघालीय, आणि ती बाई मान डोलावत ऐकतेय. मला उठून निघून जावंसं वाटलं. दीर समोरच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं मणक्याचं चित्र बघत होते. ते माझ्याकडं बघायचं टाळत होते, एवढं मला दिसत होतं.

बऱ्याच वेळानं आम्हाला दोघांनाही आत बोलावलं. मॅडमच्या टेबलावर लहान डब्या होत्या. त्या मालकांना म्हणाल्या, "डोळे मिटा. एक नाकपुडी दाबा. मी नाकाशी काहीतरी धरते, काय आहे ते ओळखा."

त्यांनी पहिली डबी धरली. मालक ओढून ओढून श्वास घेत होते.

"धरा की," ते म्हणाले.

"धरलंय."

"न्हाई धरलं."

दुसरी डबी झाली, तिसरी झाली. दुसऱ्या नाकपुडीलाही तेच. मालक म्हणत होते, काही नाही, रिकामंच आहे. दीरांना वाटलं, बाई फसवतेय. ते उठले, टेबलावरची डबी उचलली आणि नाकाशी नेली. मग तिथंच थांबले. माझ्याकडं सरकवली. लवंग होती, ताजी कुटलेली. दुसरीत कॉफी. तिसरीत साबणाचा तुकडा.

मालकांनी डोळे उघडले. त्यांनी आमची तोंडं बघितली आणि म्हणाले, "तुमी तिघं मिळून करायला लागलात."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कपाळावर आपटल्यावर मेंदू आत हलतो. नाकातून वास वर नेणाऱ्या बारीक नसा तिथं तुटतात. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळतं. तिखट झोंबतं. बाकी जिला आपण चव म्हणतो, ती बरीचशी वासाचीच असते. तुम्हाला वरण नुसतं गरम पाणी लागत असणार. भावाकडचा ठेचा झोंबतो, म्हणून तो जेवण वाटतो."

"मग मला कळलं नसतं का, वास येईना म्हणून?"

"कित्येकांना कळत नाही. डोळा गेला की अंधार दिसतो. नाक गेलं की काहीच होत नाही. आणि तुमचं विसरायलाही होतंय. जिथं कळत नाही तिथं मन काहीतरी भरतं. तुमच्या मनानं तिथं बायकोला आणून बसवलं."

हे ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. आले नाहीत. मला आधी शंका आली की हे इतकं सरळ कसं असेल. माझं घर मोडायला आलं ते एका नाकामुळं? दीर जिन्यातून उतरताना म्हणाले, "इंजक्शन न्हाई, सलाइन न्हाई. उलट एक गोळी बदलली." मॅडमनी संभाजीनगरला फोन करून फिट येऊ नये म्हणून चालू असलेली गोळी बदलून घेतली होती. ती काही जणांना चिडखोर करते, असं त्यांचं म्हणणं. गावात बातमी पोचली ती अशी, की डॉक्टरांनी आशा सोडली, औषधंही काढून घेतली.

मालकांचा तर अजिबात विश्वास बसला नाही. दुपारी मी अंगणवाडीतून आले तर सगळे मसाल्याचे डबे फळीवरून खाली मांडलेले. ते एकेका डब्यात नाक घालत होते. धने, जिरे, दगडफूल, हिंग. नाकाच्या शेंड्याला हळद लागली होती. मला बघून म्हणाले, "दुकानदारानं भुसा दिलाय. माल बदलून आन." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "त्या बाईनंच डबीतून काईतरी वडायला लावलं, तवापासून नाक बंद हाय." मग पुन्हा माझ्यावर आले. मी त्यांच्यासाठी जेवणात लिंबू वाढवलं, मिरची थोडी चढवली, पापड कुरकुरीत तळून दिले, सगळं मॅडमच्या सांगण्यावरून. ते खाऊ लागले. पण खाताना म्हणाले, "पकडली गेल्यावर बरी चव आली हाताला."

हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

मॅडमनी मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. ह्यांना गॅस कळणार नाही, जळालेलं कळणार नाही, आंबलेलं कळणार नाही. एकट्याला शेगडीपाशी सोडू नका. मी सांगत होते, पण सांगणारी मी. माझं ऐकणार कोण? मी नको म्हणते म्हणजे नक्की काहीतरी लपवते.

त्या दिवशी दुपारी मी अंगणाचं फाटक ढकललं आणि वास आला. आधी वाटलं गटाराचा. दारापर्यंत गेले आणि कळलं, गॅस. मालक स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. चहाचं आधण शेगडीवर. बटण चालू करून लायटर शोधायला गेले असणार, शोधता शोधता बटण विसरले असणार. हातात काडीपेटी होती.

मी म्हणाले, "काडी वढू नका."

"कावून?"

"ग्यास सुटलाय."

त्यांनी नाक वर करून हुंगलं. "कुठं सुटलाय? मला येडं ठरवायला बघतीस व्हय?" आणि पेटी उघडली.

मी दोन्ही हातांनी त्यांची मूठ धरली, पेटीसकट. ते माझ्याहून दांडगे, पण पडल्यापासून उजवा पाय जरा कमी पडत होता. मी तसंच त्यांना ओढत बाहेर काढलं. ते ओरडत होते, "सोड, सोड मला. मारायला लागली मला. बघा रं कुनीतरी."

अंगणात शेजारची म्हातारी आली. तिच्या मागं तिची सून. मी मारते ते बघायलाच त्या आल्या होत्या, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. म्हातारी आमच्या पायरीपाशी आली आणि तिथंच थबकली. तिनं पदर नाकाला लावला.

"अगं बया, ग्यासचा वास," ती म्हणाली. "सूनबाई, मागं हो. चूल पेटवली असंल तर इजव आपली."

सुनेनंही नाक दाबलं आणि पळाली.

मालकांचं ओरडणं थांबलं. ते म्हातारीकडं बघत होते. तिच्या नाकावरच्या पदराकडं. त्यांनी पुन्हा श्वास ओढला, लांब, मग आणखी लांब. म्हातारी माझ्या बाजूची नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझ्या गोळ्यांची गोष्ट गावभर तिनंच केली होती. ती माझ्यासाठी खोटं बोलली नसती. आणि नाक दाबायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या हातातली त्यांची मूठ सैल झाली. मी आत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, परत आले. ते तुळशीच्या ओट्यावर बसले होते.

"येतो का आजून वास?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

"लई?"

"कमी झाला."

त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाले, "मला काईच येईना गं." आणि लहान पोरासारखे रडले. पडल्यापासून पहिल्यांदाच. मी त्यांच्या शेजारी बसले, पण हात धरला नाही. मला धरवला नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही मॅडमकडं गेलो. या वेळी मालकांनी आपणहून सगळं सांगितलं. मॅडमनी त्यांना रोज लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगायला सांगितलं, मनात तो वास आठवत. येईलच असं नाही, म्हणाल्या. घरात गॅस सुटला की वाजणारा भोंगा बसवायला सांगितलं. कामाची पद्धत बदलायला सांगितली, एका वेळी एकच कढई, मध्ये कुणाशी बोलायचं नाही.

मालक दांड्यांमध्ये चालायला गेले तेव्हा मी मॅडमना विचारलं, जे इतके दिवस पोटात होतं. "त्या दिवशी मला बाहेर कावून काढलं? खरं सांगा. तुमाला वाटलं होतं ना, मी काईतरी घालते?"

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "वाटलं नव्हतं. पण शक्यता सोडलीही नव्हती. एखादा पेशंट म्हणतो की मला घरात कुणी मारतंय, तर तो आजारानं म्हणतोय असं मला आधीच ठरवता येत नाही. कधी कधी ते खरं असतं. म्हणून तुमच्या मागं विचारावं लागलं."

"आन हे नाकाचं नसतं ओळखलं तुमी, तर?"

"तर आणखी विचारलं असतं. तुम्हालाही."

मला हे उत्तर आवडलं नाही. पण ते खोटं नव्हतं, एवढं कळलं. त्या बाईंनी माझं घर सावरलं, हे मी कुणालाही सांगते. त्यांनी माझ्यावर संशय घेतला होता, हेही मी विसरलेली नाही. दोन्ही एकाच वेळी मनात राहतं.

आता मालक पुन्हा कामं घेतात, लहान लहान. बारशी, साखरपुडे. मोठी लग्नं दीरांकडंच आहेत, आणि त्यांनी ती दाबून ठेवली असं आता मला वाटत नाही. सुट्टी असली की मी मालकांबरोबर जाते, कढईवर वाकते आणि विचारलं की सांगते, कांदा झाला, येसर करपायला लागला. मधे काही दिवस त्यांना कांद्याचा वास जळक्या रबरासारखा यायचा. मॅडम म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे, नसा धडपडतायत. पुढं तो गेला, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. अंगणवाडीतले डबे हळूहळू बंद झाले. एका आईनं मात्र पोराला दुसऱ्या अंगणवाडीत घातलं ते घातलंच. रस्त्यात भेटली की हसते.

घरी जेवायला बसलो की मालक माझ्या ताटाकडं बघतात. मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत त्यांचा हात भाकरीवर नुसता टेकलेला असतो. पाहुणे आले की म्हणतात, काय माया आहे, बायकोच्या आधी जेवत नाहीत.  भाकरी गरम असते तोवर मी घास घेते.